सदरलँडांच्या सुनेला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विनिपेगला राहणाऱ्या एका ताईंचं सासरचं आडनाव सदरलँड. सासऱ्यांचे पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी उत्तर स्कॉटलंडमधून कॅनडात आले. सासरे तिथल्या क्लॅन सोसायटीचे (क्लॅन म्हणजे एका प्रमुखाला मानणारं, एकच आडनाव लावणारं कूळ) जुने सभासद आहेत, घरच्या कार्याला हौसेने किल्ट, म्हणजे पुरुषांचा चौकड्यांचा घागरा, घालतात आणि येत्या वर्षी नातवंडांना घेऊन क्लॅनप्रमुखांचा डनरॉबिन किल्ला बघायला यायचं म्हणतात. एका ओळखीच्या ग्लासगोकराने त्यांना तोंडावर सांगितलं, "तुम्ही कॅनेडियन आहात, स्कॉटिश नाही." तेव्हापासून ते गप्प गप्प आहेत. ताई विचारतात: तिकडचे लोक खरंच असं मानतात का? किल्ट घालून गेलं तर हसतात का? आणि माझ्या मुलांनी स्वतःला या क्लॅनचं म्हणवावं की नाही?

ताई, मी मूळची पुण्याची. हायलँड्समध्ये राहून परदेशातून येणाऱ्या घराण्यांची जुनी कागदपत्रं शोधून देते आणि त्यांना त्यांच्या गावापर्यंत नेते. तुमच्यासारखी कुटुंबं दर उन्हाळ्यात येतात, त्यामुळे सांगते ते रोज डोळ्यांसमोर घडणारं आहे.

सासऱ्यांना कुणी हसणार नाही. चारचौघांत तर मुळीच नाही. पण "मी सदरलँड क्लॅनचा" असं म्हटल्यावर त्यांना जी ओळख पटायला हवी आहे, ती डनरॉबिनच्या दारात मिळणार नाही. ती तिथून तासाभराच्या आत असलेल्या एका ओसाड खोऱ्यात मिळेल. का, ते नीट सांगते, कारण आजच्या स्कॉटिश माणसाच्या मनात काय आहे ते त्यातूनच कळेल.

आधी त्या ग्लासगोकराबद्दल. तो उर्मट नव्हता, तो त्याच्या जागेवरून बोलला. स्कॉटलंडची लोकसंख्या ५४ लाखांच्या आसपास आहे आणि त्यातले बहुतेक लोक ग्लासगो ते एडिनबरा या मधल्या पट्ट्यात राहतात. क्लॅन ही मुख्यतः उत्तरेच्या डोंगराळ मुलखातली, म्हणजे हायलँड्सची व्यवस्था. ग्लासगोच्या माणसाचा पणजा आयर्लंडच्या दुष्काळातून आलेला असू शकतो, गोदीत राबलेला असू शकतो, शेजारी इटालियन किंवा पंजाबी असतो. त्याच्या रोजच्या जगण्यात क्लॅन कुठेच नाही. मित्राच्या लग्नात तो किल्ट घालतो, बहुतेक वेळा भाड्याने आणलेला, आणि त्यावरचं टार्टन, म्हणजे चौकड्यांची नक्षी, कुठल्या घराण्याचं आहे हे त्याला विचारलंत तर दुकानदाराचं नाव सांगेल.

दुसरं, इथे गेल्या काही दशकांत स्कॉटिश असणं म्हणजे इथे राहणं, हा विचार फार खोल रुजला आहे. १८ सप्टेंबर २०१४ ला स्वातंत्र्याबद्दल सार्वमत झालं, तेव्हा मतदार ठरवताना रक्त बघितलं नाही, पत्ता बघितला. इथे राहणाऱ्या पोलिश कामगाराला मत होतं, राष्ट्रकुलातली नागरिक म्हणून मला होतं, सोळा वर्षांच्या मुलांनाही होतं. टोरोंटोच्या मॅकेंझीला नव्हतं, इतकंच काय, एडिनबऱ्यात जन्मून लंडनला नोकरी करणाऱ्यालाही नव्हतं. यावर थोडी कुरकुर झाली, पण बहुतेकांना हे योग्य वाटलं. मला स्वतःला ही या देशाची सर्वांत मोठी उदारता वाटते, आणि माझ्यासारखीचं घर इथे झालं ते तिच्यामुळेच. तेव्हा "तुम्ही स्कॉटिश नाही" असं जेव्हा इथला माणूस म्हणतो, तेव्हा त्याला बहुधा एवढंच म्हणायचं असतं की इथली थंडी, इथलं भाडं, इथली निवडणूक तुमच्या वाट्याला येत नाही. तुमचे पूर्वज इथले नव्हते असं तो म्हणत नसतो.

आता सदरलँड आडनावाकडे येते. क्लॅनमधले सगळे एका पुरुषाचे वंशज, ही समजूत परदेशात घट्ट आहे, आणि ती बहुतांशी चुकीची आहे. ज्याच्या जमिनीवर राहायचं, ज्याच्या आसऱ्याला असायचं, त्याचं नाव लोक लावत. फ्रेझरांच्या मुलखात पीठ मिळवण्यासाठी फ्रेझर झालेल्यांची आठवण अजून सांगतात. म्हणून सदरलँड आडनाव असलं म्हणजे अर्लच्या, म्हणजे क्लॅनप्रमुख असलेल्या सरदाराच्या, घराण्याशी रक्ताचं नातं असेलच असं नाही. बहुतेक वेळा नसतं. तुमच्या सासऱ्यांचे पूर्वज त्या अर्लच्या जमिनीवर खंडाने शेती करणारे होते, एवढं मात्र जवळजवळ नक्की.

आणि इथे खरी गोष्ट सुरू होते. विनिपेगचे जुने सदरलँड, गन, मॅथेसन, बॅनरमन हे बरेचसे किल्डोननच्या खोऱ्यातून गेलेले. विनिपेगमध्ये किल्डोनन नावाचे भाग आहेत ते त्यामुळेच. त्या लोकांना गाव का सोडावं लागलं? सदरलँडची काउंटेस एलिझाबेथ आणि तिचा श्रीमंत इंग्लिश नवरा, पुढे ज्याला ड्यूक केलं तो, यांना खोऱ्यांत मेंढ्या हव्या होत्या. मेंढ्यांचा खंड माणसांच्या खंडापेक्षा जास्त येत होता. १८१३ च्या सुरुवातीला जमीन मोजायला आलेल्यांना किल्डोननच्या लोकांनी पिटाळून लावलं, तेव्हा सैन्य बोलावलं गेलं. याच इस्टेटीवरून १७९९ पासून ९३ वी सदरलँड हायलँडर्स ही पलटण उभी केली होती. मुलगा द्या, जमीन राहील, असं घरोघरी सांगून. पोरं लष्करात गेली आणि मागे आईबाप घराबाहेर काढले गेले. (हायलँड पलटणींची महाराष्ट्राला ओळख आहे. १८०३ मध्ये जालन्याजवळ असईला मराठ्यांशी लढलेल्या ७४ व्या आणि ७८ व्या पलटणी याच उत्तरेकडच्या मुलखाच्या नावाने ओळखल्या जात. त्यांच्या मानचिन्हावर पुढे असईचा हत्ती आला. त्यातली ७८ वी ही सदरलँडला लागून असलेल्या रॉस-शायरची.)

किल्डोननच्या शेकडो लोकांनी लॉर्ड सेलकर्कच्या लाल नदीवरच्या, म्हणजे आजच्या विनिपेगच्या जागच्या, वसाहतीत जायची तयारी दाखवली, जागा शंभराच्या आत माणसांनाच मिळाली. जून १८१३ मध्ये ऑर्क्नीतल्या स्ट्रॉमनेसहून ते निघाले. जहाजावर टायफसची साथ आली. कप्तानाने त्यांना ठरल्या ठिकाणी न उतरवता हडसन उपसागरावरच्या चर्चिलला सोडलं. तिथे हिवाळा काढून पुढच्या एप्रिलमध्ये तरणीताठी मंडळी बर्फावरचे बूट बांधून, पायपर पुढे घेऊन यॉर्क फॅक्टरी या व्यापारी ठाण्यापर्यंत चालत गेली आणि तिथून उन्हाळ्यात लाल नदीवर पोचली. तिथे त्यांना जगवण्यात पेग्विस या तिथल्या मूळ रहिवासी सोल्टो लोकांच्या प्रमुखाचा मोठा हात होता. ही कथा तुमच्या सासऱ्यांना तोंडपाठ असेल. तीत कुणी कुणाला हाकललं हा भाग मात्र क्लॅनच्या समारंभात सहसा सांगितला जात नाही.

म्हणूनच डनरॉबिनच्या जवळ गोल्स्पी गावात तुम्ही "आमच्या क्लॅनप्रमुखांचं घर बघायला आलो" असं अभिमानाने म्हणालात, तर दुकानातली बाई हसून "छान, बाग बघाच" म्हणेल आणि विषय बदलेल. तिच्या मागे, बेन व्रॅगी डोंगरावर, त्या पहिल्या ड्यूकचा, चौथऱ्यासकट तीसेक मीटर उंचीचा पुतळा उभा आहे. कृतज्ञ रयतेने तो उभारला असं त्यावर कोरलेलं आहे. स्थानिक लोक त्याला 'मॅनी' म्हणतात. तो पाडावा अशी रीतसर मागणी १९९० च्या दशकात झाली, त्याच्या पायाचे दगड खिळखिळे करण्याचे प्रयत्न झाले. राहू द्या, मुलांना इतिहास शिकवायला उपयोगी पडतो, असं म्हणणारेही गावातलेच. मी स्वतः या दुसऱ्या बाजूची आहे.

डनरॉबिन बघू नका असं मी म्हणत नाही. सुंदर आहे, समुद्रावर आहे, ससाणे उडवतात ते मुलांना आवडेल. पण एक ध्यानात घ्या. आज दिसणारे ते फ्रेंच धाटणीचे मनोरे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बांधले गेले. तुमच्या घरातले लोक १८१३ मध्येच गेले. त्यांनी हा किल्ला अशा रूपात पाहिलाच नव्हता.

जमिनीचं हे दुखणं इथे जुनं झालेलं नाही, हे परदेशातल्या लोकांना लवकर लक्षात येत नाही. स्कॉटलंडमधली निम्मी खासगी ग्रामीण जमीन आजही पाचशेपेक्षा कमी मालकांच्या हातात आहे. सन २००० मध्ये मॅक्लाउड क्लॅनच्या प्रमुखांनी डनव्हेगन किल्ल्याचं छप्पर दुरुस्त करायला पैसे हवेत म्हणून स्काय बेटावरचा कूलिन पर्वतच १ कोटी पौंडांना विकायला काढला होता. तेव्हा बेटावर जो संताप उसळला, त्यात मॅक्लाउड आडनावाचेही भरपूर होते. उलट सदरलँड परगण्यातच, असिंटच्या छोट्या शेतकऱ्यांनी वर्गणी काढून १९९३ मध्ये आपली २१,००० एकर जमीन विकत घेतली. १९९७ मध्ये एग बेटाच्या रहिवाशांनी तेच केलं. आजच्या हायलँडर माणसाला अभिमान कशाचा आहे विचाराल तर तो असिंटचं नाव घेईल, क्लॅनप्रमुखाचं क्वचितच. प्रमुखांबद्दल सरसकट द्वेष आहे असंही नाही. मॅक्लाउडांच्याच डेम फ्लोरा उतारवयातही देशोदेशी फिरून विखुरलेल्या लोकांना भेटत राहिल्या, त्यांच्याबद्दल आजही आदराने बोलतात. माणूस कसा होता, लोकांशी कसा वागला, हे इथे बघतात.

किल्टचं थोडक्यात. बिनधास्त घालू द्या. कुठलं टार्टन कोणी घालावं याला कायदा नाही. १७४६ च्या कलोडनच्या लढाईत सरकारी सैन्याने बंडखोरांचा पराभव केला, त्यानंतर हायलँडच्या पोशाखावर जी बंदी आली ती १७८२ पर्यंत होती. आडनावागणिक टार्टन ठरवण्याची पद्धत बरीचशी १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबऱ्याला आला त्या धामधुमीतून आणि नंतरच्या विणकरांच्या व्यापारातून आली. आज सरकारी टार्टन नोंदवहीत कुणीही नवीन नक्षी नोंदवू शकतं. स्कॉटलंडमधल्या शिखांचं सिंग टार्टनही आहे. मानचिन्हाचं मात्र सांभाळा. सदरलँडांचं रानमांजराचं चिन्ह प्रमुखाच्या मालकीचं असतं, इतरांनी ते पट्टा आणि बकल असलेल्या वर्तुळात घालायचं. टोपीत गरुडाचं पीस खोचू नका, एक, दोन, तीन पिसांना दर्जाप्रमाणे अर्थ आहे. या बाबतीत मानचिन्हांचा कारभार बघणारं इथलं लॉर्ड लायनचं न्यायालय खरोखरीचं न्यायालय आहे.

लोकांच्या कपाळाला आठी पडते ती कपड्यांमुळे नाही. फूटभर जागा विकत घेऊन 'लेर्ड' (जमीनदार) किंवा 'लॉर्ड' झाल्याचं प्रमाणपत्र खिशातून काढलं की पडते. अशा आठवणीखातर विकलेल्या तुकड्यांची जमिनीच्या नोंदवहीत नोंदच होत नाही. कलोडनला स्कॉटिश विरुद्ध इंग्रज अशी लढाई झाली असं ठासून सांगितलं की पडते, कारण सरकारच्या बाजूनेही पुष्कळ स्कॉटिश लढले होते. कॅम्पबेल आडनावाच्या वेटरला ग्लेन्कोच्या १६९२ च्या हत्याकांडावरून (त्यात मॅक्डोनल्डांना मारणाऱ्या सैनिकांचा म्होरक्या कॅम्पबेल होता) टोमणा मारला की पडते. आणि सगळ्यात जास्त, क्लॅनच्या नावाखाली 'शुद्ध रक्त', 'गोरी सेल्टिक जात' असली भाषा आली की. अमेरिकेत काही टोळकी ती बोलतात. इथल्या लोकांना त्याची किळस आहे, आणि ती असलीच पाहिजे. तुमच्या सासऱ्यांच्या घरात मराठी सून आहे आणि नातवंडं दोन्ही घरांची आहेत. हे ऐकून इथल्या माणसाला बरंच वाटेल.

पैशाचा एक कडू अनुभवही लोकांच्या आठवणीत आहे. परदेशातल्या वंशजांना घरी बोलावणाऱ्या २००९ च्या 'होमकमिंग' वर्षात एडिनबऱ्याच्या होलीरूड पार्कमध्ये जगभरातल्या क्लॅनचा मोठा मेळावा भरला. हजारो लोक किल्ट घालून रॉयल माइलवरून चालले, पाहुणे भारावून गेले. नंतर आयोजक कंपनी दिवाळखोरीत गेली आणि स्थानिक पुरवठादारांचे पैसे बुडाले, संसदेच्या समितीपुढे चौकशी झाली. पाहुण्यांचा त्यात काहीच दोष नव्हता. पण आपल्या पूर्वजांची आठवण कुणीतरी माल म्हणून विकतंय, अशी जी शंका इथल्या लोकांना येते, ती उगाच येत नाही.

मग आदर कुणाला मिळतो? ज्यांनी काहीतरी जपलं त्यांना. नोव्हा स्कोशियातल्या केप ब्रेटनचं उदाहरण देते. १७७३ मध्ये 'हेक्टर' जहाज पिक्टूला लागलं आणि त्यानंतरच्या पिढ्यांत हायलँडर मोठ्या संख्येने तिकडे गेले. त्यांनी हायलँड्सच्या जुन्या गेलिक भाषेतली गाणी, व्हायोलिनची जुनी ढब आणि पायांचा ठेका धरून करायचा नाच टिकवला. तो नाच इकडे जवळजवळ विसरला गेला होता. गेल्या शतकाच्या अखेरीस केप ब्रेटनच्या शिक्षकांकडून स्कॉटलंडच्या लोकांनी तो पुन्हा शिकून घेतला. गेलिक थोडीफार येणारे आता इथे फक्त १ लाख ३० हजारांच्या घरात आहेत, त्यामुळे समुद्रापलीकडून कुणी चार वाक्यं गेलिकमध्ये बोललं की म्हाताऱ्या माणसांचा चेहरा बघण्यासारखा होतो. तिथे कुणी 'तुम्ही कॅनेडियन' म्हणत नाही.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या उल्व्हा बेटाचंही तसंच. ऑस्ट्रेलियात 'राष्ट्रपिता' म्हणून ज्याचं नाव घेतात तो लॅकलन मॅक्वारी या बेटावर जन्मला. ऑस्ट्रेलियाला जाण्याआधी तो मुंबईत लष्करात होता, त्याचं पहिलं लग्न १७९३ मध्ये मुंबईतच झालं आणि ती पहिली बायको मुंबईतच पुरली आहे. शेजारच्या मल बेटावर त्याची समाधी आहे, तिची देखरेख ऑस्ट्रेलियाची वारसा संस्था करते. २०१८ मध्ये तिथल्या लोकांनी उल्व्हा विकत घेतलं, तेव्हा त्याच्या नावाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीने मदत दिली. क्लॅनच्या नात्याने आलेला पैसा आज तिथे राहणाऱ्या माणसाच्या हाती गेला, म्हणून लोकांना तो आवडला.

आता तुमच्या प्रवासाकडे. हेल्म्सडेलला उतरा. इन्व्हरनेसहून उत्तरेकडे जाणारी रेल्वे तिथे थांबते. घरदार गेलेल्यांना मासेमारीला लावण्यासाठी हे गाव वसवलं. गावावर 'एक्झाइल्स' नावाचा ब्राँझचा पुतळा आहे: बाप पुढे बघतोय, मुलगा बापाकडे आणि कडेवर बाळ घेतलेली आई मागे खोऱ्याकडे वळून बघते. त्याचीच प्रत विनिपेगला आहे, सासऱ्यांना ती ठाऊक असेल. गावातच 'टाइमस्पॅन' संग्रहालय आहे, तिथल्या लोकांना आधी ईमेल करा. मग खोऱ्यातल्या एकेरी रस्त्याने वर जा. बोरोबोल, सुइसगिल, लीरेबल अशी नावं लागतील. वस्ती जवळजवळ नाही. गवतात घरांच्या पायांचे दगड दिसतात, पण नेच्याचं रान माजलं की तेही झाकले जातात. म्हणून जुलैऐवजी मे महिन्यात या. चावणारे मिज किडेही तेव्हा कमी असतात.

तिथून थोडं उत्तरेला, समुद्राच्या कड्यावर बॅडबे आहे. आजूबाजूच्या खोऱ्यांतून हाकललेली माणसं इथे येऊन राहिली. उतार इतका की पोरं आणि जनावरं वाऱ्याने कड्यावरून जाऊ नयेत म्हणून दोरीने बांधून ठेवत, असं सांगतात. आता भिंतींचे अवशेष आहेत आणि मधोमध एक स्मारक. ते १९११ मध्ये उभारलं ते न्यूझीलंडला गेलेल्या एका सदरलँडच्या मुलाने, बापाच्या आणि इथे राहिलेल्या सगळ्यांच्या नावाने. परदेशातल्या वंशजाने काय करावं याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. त्यावर प्रमुखाचं चिन्ह नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं आहेत.

कागदपत्रांचं असं. १८५५ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदी आहेत आणि त्या फार तपशिलाच्या आहेत, मृत्यूच्या दाखल्यावर आईचं माहेरचं आडनावसुद्धा असतं. तुमचे लोक त्याआधी गेले, त्यामुळे किल्डोननच्या चर्चच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी लागतील. त्या 'स्कॉटलंड्सपीपल' या सरकारी संकेतस्थळावर पैसे भरून बघता येतात. त्याच्या जोडीला इस्टेटीच्या खंडवसुलीच्या याद्या आणि सेलकर्कच्या वसाहतवाल्यांच्या याद्या. नुसतं 'अलेक्झांडर सदरलँड' एवढंच माहीत असेल तर काही हाती लागणार नाही, त्या नावाचे ढिगाने आहेत. बायकोचं माहेरचं नाव, मुलांची नावं कोणत्या क्रमाने ठेवली आणि वाडीचं नाव, या तीन गोष्टी घरातल्या बायबलमध्ये किंवा पत्रांत सापडतात का ते आधी बघा.

मालवणात परक्या पोराला "कोणाचो रे तू?" विचारतात ना, अगदी तोच प्रश्न इथल्या बेटांवर आणि उत्तरेकडच्या गावांत विचारतात. त्याचं उत्तर क्लॅनच्या नावाने देत नाहीत. आज्याचं नाव, वाडीचं नाव, काय धंदा करायचा ते सांगतात. सासरे जर म्हणाले की "मी विनिपेगचा, माझे लोक १८१३ मध्ये बोरोबोलहून गेले," तर समोरचा माणूस खुर्ची ओढून बसेल. मी हे कितीदा पाहिलंय. मग नातवंडांना कुणी विचारणार नाही की तुम्ही स्कॉटिश का. मुलांनी स्वतःला त्या खोऱ्यातल्या माणसांचे वंशज खुशाल म्हणवावं, ते खरंच आहे. क्लॅन सोसायटीचं सभासदत्व आवडत असेल तर तेही ठेवावं. तुमच्या माहेरचं गावही त्याच दमात सांगावं.

येताना एक करा. विनिपेगला तुमच्या घराण्याचं पुढे काय झालं, कुणी शेती केली, कुणी शाळा काढली, मूळच्या रहिवाशांशी कसे संबंध होते, चांगले-वाईट सगळे, हे सासऱ्यांकडून लिहून घ्या आणि जुन्या फोटोंच्या प्रती काढा. हेल्म्सडेलकडे गेलेल्यांच्या निघण्यापर्यंतच्याच नोंदी आहेत, पुढच्या फार थोड्या. ती पाकिटं संग्रहालयाच्या टेबलावर ठेवा. वाडीचं नाव सापडलं की मला कळवा, मे महिन्यात रस्ता दाखवायला मी येईन.